नायगावला एक, कुंटूरला तीन

नायगाव शहरातला मतदार आणि त्याच तालुक्यातल्या कुंटूरचा मतदार सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करायला एकाच तहसीलमध्ये जातात आणि आमदारही एकच निवडतात. स्थानिक कारभारात मात्र दोघांच्या वाटा फुटतात. कुंटूरकराला तीन संस्था निवडाव्या लागतात: ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. नायगावकराला एकच, नगरपंचायत. तालुक्याची पंचायत समिती नायगावात बसते, पण तिचा सभापती कोण व्हावा यात नायगाव शहराचं एकही मत नाही.

स्थानिक संस्था एकत्र करून मोठ्या कराव्यात की लहानच ठेवाव्यात, हा वाद जगभर चालतो. त्यासाठी लांब जायची गरज नाही, कारण वादाच्या दोन्ही बाजू एकाच तालुक्यात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. हे सगळं चालतं कसं, ते सावकाश पाहू.

आधी बाहेरचा वाद काय आहे ते. इंग्लंडच्या बऱ्याच भागात स्थानिक कारभाराचे दोन मजले आहेत. वरची कौंटी रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल पाहते. खालची जिल्हा कौन्सिल कचरा उचलते, घरांचं आणि बांधकाम परवानग्यांचं पाहते. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढून सांगितलं की हे दोन मजले मोडून एकच संस्था करायची, साधारण पाच लाख लोकसंख्येची. सॉमरसेट आणि नॉर्थ यॉर्कशरमध्ये 2023 मध्ये तसं झालंही. कम्ब्रिया कौंटीच्या त्याच वर्षी दोन एकस्तरीय संस्था झाल्या. बाजूने बोलणारे म्हणतात, एक कार्यालय, एक अंदाजपत्रक, एकच जबाबदार माणूस. विरोधक म्हणतात, आमच्या गावचा कचरा चाळीस मैलांवरून कोण पाहणार?

हा प्रश्न मराठवाड्यातल्या कुणालाही लगेच कळेल. पण उत्तराकडे जाण्याआधी आपले मजले कुणी आणि का बांधले ते पाहावं लागतं.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे इथल्या गावपंचायती पुणे-साताऱ्याच्या कायद्याने चालत नव्हत्या. 1958 चा ग्रामपंचायत कायदा आला तेव्हा जुन्या मुंबई प्रांताचा, मध्य प्रांत-वऱ्हाडाचा आणि हैदराबादचा असे तीन वेगळे कायदे रद्द करून सगळ्यांना एका कायद्याखाली आणलं गेलं. देशपातळीवर 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीने त्रिस्तरीय रचना सुचवली होती आणि तिचा भर मधल्या पातळीवर, म्हणजे गटावर, होता. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वसंतराव नाईकांच्या समितीने 1961 मध्ये सांगितलं की खरा कर्ता जिल्हा असावा. त्यानुसार 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

त्या निवडीचा परिणाम आजही दिसतो. जिल्हा परिषदेकडे शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, रस्ते, लघुपाटबंधारे, पशुसंवर्धन आणि भारतीय प्रशासन सेवेतला मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामपंचायतीकडे स्वतःची घरपट्टी, पाणीपट्टी आणि ग्रामसभा. मधली पंचायत समिती या दोन दगडांमध्ये अडकली. तिच्याकडे गटविकास अधिकारी आहे, कागद भरपूर आहेत, स्वतःचा म्हणावा असा पैसा जवळपास नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्राने वाटला तो 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 पंचायत समित्यांना आणि 10 जिल्हा परिषदांना. पंचायत समितीच्या सदस्याला आपल्या गणातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, गावांत त्यातून काय करता येणार, याचा हिशेब कुणीही करावा. एक मजला काढायचाच असेल तर हाच, असं अनेकांना वाटतं ते उगीच नाही. त्याकडे पुढे येतो.

1992 मध्ये 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती झाली. पहिलीने गावांची बाजू पक्की केली, दुसरीने शहरांची. शहरांच्या बाजूला तीन प्रकार ठरले. ग्रामीणातून शहरी होत असलेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महानगरपालिका. महाराष्ट्रात 25 हजारांवर लोकसंख्या गेली की नगरपरिषदेचा विचार होतो. क वर्ग 40 हजारांपर्यंत, ब वर्ग एक लाखापर्यंत, त्यापुढे अ वर्ग. तीन लाखांच्या पुढे महापालिका. गावाकडच्या तीन संस्था एकाच मतदाराच्या डोक्यावर एकावर एक बसतात, शहरातल्या तीन मात्र एकमेकींच्या जागी येतात. म्हणून शहरातला माणूस नेहमी एकाच संस्थेचा मतदार असतो. इंग्लंडला जे आता करायचं आहे ते मतपत्रिकेपुरतं आपल्या प्रत्येक नगरपालिकेत आधीपासून आहे.

मग नायगाव या बाजूला कसं आलं? त्यासाठी तालुक्याची गोष्ट आधी. 1991 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात आठ तालुके होते. 2001 च्या जनगणनेत सोळा झाले. बिलोलीतून नायगाव आणि धर्माबाद, असं करत जिल्हाभर जुने तालुके फुटले. नवा तालुका म्हणजे नवं तहसील, नवी पंचायत समिती आणि त्यामागोमाग वाढणारी दुकानं, लॉज, झेरॉक्स सेंटर, मुद्रांक विक्रेते. नांदेडहून देगलूर-हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव बघता बघता कार्यालयांचं गाव झालं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. 2014 मध्ये राज्य सरकारने धोरणच ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत असेल तर तिची नगरपंचायत करायची. त्या लाटेत नांदेडात नायगाव आणि लातूर जिल्ह्यात चाकूर, रेणापूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ ही गावं कागदोपत्री शहरं झाली.

ही प्रक्रिया अशी चालते. राज्य सरकार राजपत्रात प्रारूप अधिसूचना काढतं. कोणता भाग नगरपंचायतीत येणार, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हे त्यात असतं. हरकतींसाठी किमान तीस दिवस मिळतात. जिल्हाधिकारी हरकती ऐकून अहवाल पाठवतात. मग अंतिम अधिसूचना निघते, त्या दिवशी ग्रामपंचायत संपते आणि प्रशासक बसतो, बहुतेक वेळा तहसीलदारच. त्यानंतर प्रभाग रचना, आरक्षणाची सोडत, मतदार याद्या आणि निवडणूक. नगरपंचायतीत सतरा प्रभाग, प्रत्येकात एक नगरसेवक, निम्म्या जागा महिलांना. नायगावसह राज्यातल्या शंभरावर नगरपंचायतींची मागची निवडणूक दोन हप्त्यांत झाली. काही जागांचं मतदान 21 डिसेंबर 2021 ला आणि उरलेल्यांचं 18 जानेवारी 2022 ला, कारण इतर मागासवर्गीयांच्या जागांवरचं आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं होतं आणि त्या जागा खुल्या करून पुन्हा कार्यक्रम लावावा लागला.

फलक बदलल्यावर माणसाच्या आयुष्यात काय बदलतं? माझ्या मते या विषयातला हाच सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे.

पहिला बदल घराच्या कागदात. गावात घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. ग्रामसेवकाकडून तो मिळतो. या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण हाक अजून ग्रामसेवक अशीच मारली जाते. नगरपंचायत झाली की ही नोंदवही नव्या कार्यालयाकडे जाते आणि कर आकारणी नगरपालिका कायद्याने होते. दर चार वर्षांनी मालमत्तांची नव्याने मोजणी, म्हणजे चतुर्थ वार्षिक आकारणी. ज्याने पत्र्याच्या खोलीची घरपट्टी भरत भरत वर दोन मजले चढवले, त्याची त्या मोजणीत गाठ पडते. घरपट्टी वाढली अशी ओरड होते ती पुष्कळदा दरामुळे नसते, पहिल्यांदा नीट मोजल्यामुळे असते. तरी खिशातून पैसे जातातच, आणि ते कुणालाच आवडत नाहीत.

दुसरा बदल बांधकामाचा. नगरपंचायतीत परवानगी लागते, नकाशा लागतो, अभियंत्याची सही लागते. राज्यासाठी 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि लहान शहरंही तिच्याखाली आली. पुढे विकास आराखडा होतो. कुणाच्या शेतावर शाळेचं, कुणाच्या प्लॉटवर रस्त्याचं आरक्षण पडतं. शहराला हे लागतंच. रस्त्याची रुंदी आज राखली नाही तर वीस वर्षांनी तिथे अग्निशमनाची गाडी शिरत नाही. ज्याची जमीन जाते त्याला मात्र ही वीस वर्षांपुढची गोष्ट ऐकवून उपयोग नसतो.

तिसरा बदल मजुरांचा आणि शेतकऱ्यांचा. केंद्राच्या रोजगार हमीचं जॉबकार्ड ग्रामीण भागापुरतं आहे. हद्द शहरी झाली की जॉबकार्ड निरुपयोगी. त्या योजनेतून मिळणारी सिंचन विहीरही बंद. नगरपंचायतीच्या हद्दीत नुसती घरं नसतात, गावाचं शिवारही येतं. त्या शिवारात कापूस-सोयाबीन घेणारा शेतकरी एका अधिसूचनेने शहरवासी ठरतो. त्याची जमीन तीच असते, पाऊसही तितकाच बेभरवशाचा असतो, पण शेजारच्या शिवेपलीकडच्या शेतकऱ्याला जे मिळतं ते त्याला मिळत नाही. घरकुलाचंही तसंच, पण उलट्या बाजूने. ग्रामीण घरकुलाची मूळ रक्कम 1 लाख 20 हजार, शहरी घरकुलाला महाराष्ट्रात अडीच लाख. मात्र शहरी योजनेत जागेच्या मालकीचा पुरावा आणि बांधकाम परवानगी हवी, आणि गावठाणातल्या गरिबाकडे नेमकं तेच नसतं.

चौथा बदल ग्रामसभेचा. गावात कुणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. विचारत नाहीत, कोरम भरत नाही, सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात, हे खरं. तरी तो हक्क कायद्यात आहे आणि कधीकधी, विशेषतः दारूबंदीच्या वेळी, त्याचा दणका बसतो. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या नगर कायद्यांत आहे, पण ती भरलेली कुठे पाहिली असं सांगणारा माणूस शोधावा लागेल.

नोकरदारांचा भाग थोडक्यात. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, शिपाई, झाडणारी बाई यांचं काय? नव्या संस्थेचा आकृतिबंध मंजूर होतो, त्यात बसणाऱ्यांचं समावेशन होतं, शिक्षणाच्या अटीत न बसणारे लटकतात. प्रत्येक नव्या नगरपंचायतीत हा वाद काही वर्षं चालतो.

मिळतं काय? पूर्ण वेळ मुख्याधिकारी, अभियंता, नगर विकास विभागाचा निधी, नगरोत्थानसारख्या योजना, रस्त्यावरचे दिवे, घंटागाडी. कमी नाही हे. तालुक्याच्या बाजारपेठेचा कचरा ग्रामपंचायतीच्या ताकदीने उचलला जात नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही मोठ्या गावात फेरी मारली की पटतं.

आणि एकस्तरीय म्हणावं तर नायगाव पुरतं एकस्तरीयही नाही. शहरातली जिल्हा परिषदेची शाळा जिल्हा परिषदेचीच राहते. शिक्षक नेमणारी, बदल्या करणारी संस्था ती, आणि शाळेत मुलं पाठवणाऱ्या नायगावकराचा तिच्यात प्रतिनिधी नाही. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. शहराच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्यावर खड्डा पडला तर नगरसेवक हात वर करतो आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं. मतपत्रिका एक झाली, काम विखुरलेलंच राहिलं. आपल्या शहरी रचनेतली ही खोट इंग्लंडच्या वादातही ऐकू येत नाही, कारण तिथे निदान कामंसुद्धा एकत्र करायचा प्रस्ताव आहे.

आता मोठ्या जोडण्यांकडे. नांदेड जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जोडणी गोदावरीवर झाली. उत्तर काठावर जुनी नांदेड नगरपालिका, दक्षिण काठावर सिडको-हडकोच्या वसाहती असलेली वाघाळा नगरपालिका. 26 मार्च 1997 ला दोन्ही मिळून नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका झाली. वाघाळ्याचं नाव फलकावर टिकलं, वेगळी तिजोरी टिकली नाही. इथे जोडणी शहाणपणाचीच होती असं मी म्हणेन. नदी एक, पाणी उचलायचं ठिकाण एक, कामाला येणारी-जाणारी माणसं एकच. दोन नगरपालिका ठेवल्या असत्या तर पुलाच्या अर्ध्यावर जबाबदारी बदलली असती. 2008 मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी केंद्राच्या शहरी योजनेतून शहरात मोठी कामं झाली, तीही एकच संस्था असल्यामुळे एका नियोजनात बसली.

लातूरची गोष्ट वेगळी आहे आणि उतावळ्यांनी ती जरूर वाचावी. 25 ऑक्टोबर 2011 ला लातूरची महापालिका झाली. साडेचार वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. धरण महापालिकेच्या हातात नव्हतं, खोऱ्यातला ऊस महापालिकेच्या हातात नव्हता, पाऊस तर कुणाच्याच नाही. दर्जा वाढल्याने महापौर मिळाला, आयुक्त मिळाला. पाण्याचा प्रश्न ज्या पातळीवर सुटायचा होता ती पातळी महापालिकेच्या वर होती.

राज्यात इतरत्र हद्दवाढीचे हाल तर पाहण्यासारखे आहेत. कल्याण-डोंबिवलीलगतची 27 गावं 1983 मध्ये महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर पडली, 2015 मध्ये परत आली. पुण्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं घेतली, आणि 2024 मध्ये त्यांतल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, आणि तिथल्या गावांनी बाहेर पडण्यासाठी आंदोलनं केली, न्यायालय गाठलं. कर आधी आला आणि नळ नंतर, हीच तक्रार सगळीकडे. पुण्यात समाविष्ट गावांना कर टप्प्याटप्प्याने लावायची सोय आहे, पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि पुढे दरवर्षी वाढत. नळ किती वर्षांत यावा याची तशीच सक्तीची वेळापत्रकं असती तर निम्मी आंदोलनं झाली नसती.

आता मूळ प्रश्न. कुंटूरच्या तीन संस्थांची एक किंवा दोन कराव्यात का? हा विचार आपल्याकडेही पूर्वी झाला आहे. 1978 मध्ये अशोक मेहता समितीने दोनच स्तर सुचवले, वर जिल्हा परिषद आणि खाली 15 ते 20 हजार लोकसंख्येची मंडल पंचायत. दहा-पंधरा गावं मिळून एक संस्था, तिला पुरेसा नोकरवर्ग, पुरेसा कर. आपल्या शेजारच्या दोन्ही राज्यांनी त्या दिशेने पावलं टाकली. कर्नाटकात 1983 चा कायदा झाला आणि 1987 मध्ये मंडल पंचायती निवडून आल्या. देगलूर-उदगीरच्या सीमेपलीकडे बिदरमध्ये त्या चालल्या. आंध्रात एन. टी. रामारावांनी तालुके मोडून लहान लहान मंडलं केली, तीच आज तेलंगणात आहेत.

मग 73 वी घटनादुरुस्ती आली आणि तीन स्तर सक्तीचे झाले. सूट फक्त 20 लाखांच्या आतल्या लोकसंख्येच्या राज्यांना. गोव्यात म्हणूनच मधला स्तर नाही, ग्रामपंचायतीच्या वर थेट जिल्हा पंचायत. कर्नाटकाने 1993 मध्ये नवा कायदा करून मंडल पंचायती मोडल्या आणि तीन स्तर केले. तेलंगणाने तर उलट टोक गाठलं. 2016 मध्ये दहा जिल्ह्यांचे एकतीस केले, आपल्या सीमेलगतच्या निजामाबादमधून कामारेड्डी वेगळा काढला. 2018 च्या कायद्याने तांडे आणि आदिवासी पाडे वेगळे करून ग्रामपंचायतींची संख्या बारा हजारांच्या पुढे नेली. धर्माबाद-बिलोलीच्या काही गावांनी मध्यंतरी आम्हाला तेलंगणात घ्या म्हणून मागणी केली, त्यात तिथल्या योजनांचं आकर्षण मोठं होतं. पण सरकार घराजवळ आलेलं त्यांना रोज दिसत होतं, हेही असावं.

थोडक्यात, महाराष्ट्र सरकारच्या मनात आलं तरी पंचायत समिती रद्द करता येणार नाही. संसदेतून घटना बदलावी लागेल. आणि आपल्या भागातली लोकांची मागणी तर नेहमी तोडण्याचीच असते. गट ग्रामपंचायतीतून आमचा तांडा वेगळा करा. उदगीर जिल्हा करा, किनवट जिल्हा करा, अंबाजोगाई जिल्हा करा. मराठवाड्याचे आठही जिल्हे आजवर छत्रपती संभाजीनगरच्या एकाच विभागीय आयुक्तांखाली आहेत. दुसरं आयुक्तालय नांदेडला द्यायचा निर्णय 2009 च्या सुरुवातीला झाला तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं. तोडायचं यावर एकमत, कार्यालय कुठे यावर भांडण, असा आपला इतिहास.

जोडणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद बचतीचा असतो. डेन्मार्कने 2007 मध्ये 271 नगरपालिकांच्या 98 केल्या. जपानमध्ये 1999 ते 2010 या काळात साधारण 3,230 संस्थांच्या 1,730 झाल्या. डेन्मार्कवर झालेल्या अभ्यासात कार्यालयीन खर्च घटलेला दिसला, पण एकूण खर्चात ठोस बचत दिसली नाही. कचरा तेवढाच, म्हातारी माणसं तेवढीच, रस्ते तेवढेच. शिवाय मोठेपणाची भूक आपल्याला लागू होते का हेही पाहावं. इंग्लंडचं माप पाच लाखांचं. 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्हा 33 लाख 61 हजारांचा आणि लातूर 24 लाख 54 हजारांचा. म्हणजे एका नांदेड जिल्ह्यात त्यांच्या सहा-सात संस्था बसतात. वरचा मजला आपल्याकडे आधीच अवाढव्य आहे. 2017 च्या निवडणुकीत नांदेड जिल्हा परिषदेला 63 गट, म्हणजे मतदारसंघ, होते. एका गटाच्या सदस्यावर चाळीसेक हजार माणसांचा भार येतो, आणि तो सदस्य पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या बैठकीत बोलायला उठतो तेव्हा आपल्या गावाचं नाव घ्यायची पाळी सहा महिन्यांनी येते.

लहान संस्थांचा एक उपयोग हिशेबात धरलाच जात नाही. नायगावचे वसंतराव चव्हाण 1978 मध्ये इथले सरपंच झाले. पुढे जिल्हा परिषद, विधान परिषद, विधानसभा आणि 2024 मध्ये लोकसभा. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांचं निधन झालं. राजकारण कुणाला पटो न पटो, गावातल्या माणसाला संसदेपर्यंत चढायला पायरी होती आणि ती घराजवळ होती. पायऱ्या काढल्या की वरच्या मजल्यावर वारसाने किंवा पैशानेच पोचता येतं.

म्हणून माझं मत असं. एकाच वस्तीचे दोन तुकडे दोन संस्थांकडे असतील, नांदेड-वाघाळ्यासारखे, तर जोडावेत. पाणी आणि कचरा यांसाठी गावांनी एकत्र योजना करावी, संस्था वेगळ्या ठेवून. मराठवाड्यात प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आहेतच, त्या वीजबिलाच्या थकबाकीने बंद पडतात हे दुखणं वेगळं आणि ते संस्था जोडून बरं होणार नाही. पंचायत समितीला एकतर स्वतःचा पैसा आणि काम द्यावं, नाहीतर संसदेने तो स्तर राज्यांच्या मर्जीवर सोडावा. आणि शहर केलंच तर शाळेचा आणि दवाखान्याचा कारभारही त्या शहराच्या मतदाराला विचारून चालावा.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट आहे. नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. लातूर महापालिकेची त्याच वर्षी मे महिन्यात, नांदेड-वाघाळ्याची त्यानंतर काही महिन्यांनी. तिथे प्रशासक आले आणि तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणुका लागल्या नव्हत्या. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. एक स्तर असो की तीन, निवडून आलेलं माणूसच नसेल तर रचनेच्या चर्चेला अर्थ उरत नाही.

उद्या तुमच्या गावाची नगरपंचायत व्हायची असेल, किंवा शेजारच्या शहरात हद्दवाढीने गाव जायचं असेल, तर प्रारूप अधिसूचना निघाल्यापासून हरकतीचे तीस दिवस मोजा. चतुःसीमा वाचा आणि आपलं शिवार, तांडा, वस्ती आत आहे की बाहेर ते नकाशावर पाहा. नमुना आठचा उतारा आणि जॉबकार्डाची प्रत आधीच काढून ठेवा. घरपट्टी पहिल्या पाच वर्षांत किती होणार आणि नळ कोणत्या वर्षी येणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा. हरकत जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.